कोंबड्या पटापट मरू लागल्या तर? शहापूरचा बर्ड फ्लू काय सांगतो

डोळखांबच्या पाड्यांवर गावठी कोंबड्या दिवसभर मोकळ्या चरतात, डबक्याचं पाणी पितात. बगळे आणि कावळेही तिथेच उतरतात. बर्ड फ्लूचा विषाणू रानपाखरांकडून कोंबड्यांकडे, आणि उलटही, जातो तो अशाच ठिकाणी. बहुतेकदा विष्ठेतून.

हे लांबचं संकट नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये याच शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत एका फार्मवर सुमारे १०० कोंबड्या मेल्या. तपासणीत एच५एन१ निघाला आणि एक किलोमीटर परिसरातले सुमारे २५,००० पक्षी नष्ट करायचं ठरलं. त्याच्या वर्षभर आधी ठाण्यात बगळे आणि दापोलीत कावळे याच रोगाने मेले होते.

एक नियम मात्र अनेकांना माहीत नसतो. सरकार नष्ट करतं त्या कोंबड्यांची भरपाई मिळते, रोगाने आधीच मेलेल्यांची नाही. म्हणून मर लपवण्यात फायदा काहीच नाही.

एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या, तुरा निळा पडला, डोकं सुजलं, तर लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ वर कळवा. मेलेलं पाखरू, मग ते रानातलं का असेना, उघड्या हाताने उचलू नका, ओढ्यात टाकू नका. 'मरायच्या आत कापून खाऊ' हा हिशोब तर सगळ्यात धोक्याचा, कारण संसर्ग सोलताना होतो. नीट शिजलेल्या चिकनची भीती नाही. ७० अंशांना विषाणू मरतो. बाजारातून आणलेली नवी कोंबडी लगेच खुराड्यात सोडू नका, दोन-तीन आठवडे वेगळी ठेवा.