अनोळखी माणसाचा फोटो काढताना

मोबाईल आला तसा कॅमेरा घरोघरी आला. लग्न, बारसे, वाढदिवस यांचे फोटो आम्हीही धडाधड काढू लागलो. पण रस्त्यावरच्या, ओळख ना पाळख अशा माणसाचा फोटो काढायचा म्हटले की हात लटपटे. शेवटी गेल्या वर्षी हे शिकायचेच असे मनावर घेतले आणि दर रविवारी पहाटे दादरच्या फूल बाजारात जाऊ लागलो. घरातल्या तरुण मुलामुलींना उपयोग होईल म्हणून तो अनुभव वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पहिल्या तीन रविवारचे फोटो घरी येऊन पाहिले. पाठी, पाट्या, चपला, झेंडूचे ढीग. चेहरा एकही नाही! आमच्या मुलीने विचारले, "पप्पा, त्या बाजारात सगळी माणसं पाठमोरीच असतात का?"

लाज कशाची वाटते याचा विचार करू लागलो, तेव्हा लहानपणची एक गोष्ट आठवली. आमच्या वस्तीत एकदा कोणी पाहुणे कॅमेरा घेऊन आले होते. आजी नळापाशी भांडी घाशीत होती. विचारले नाही, सांगितले नाही. फोटो काढला आणि निघून गेले. आजी कितीतरी दिवस म्हणत होती, "सांगितलं असतं तर चांगलं लुगडं नेसले असते की!" तो फोटो आम्हाला कधी पाहायला मिळाला नाही. कॅमेऱ्यासमोरच्या माणसाला काय वाटते ते घरातच पाहिले होते, म्हणून आमचा हात अडत होता.

हे कोडे मोठमोठ्यांनाही पडले आहे. अमेरिकेच्या वॉकर इव्हान्स यांनी १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाखाली कॅमेरा लपवून प्रवाशांचे फोटो काढले. त्यांचे पुस्तक निघाले १९६६ साली. फोटो उत्तमच आहेत, पण चोरून काढलेला तो चोरूनच, असे आमचे मत.

आम्हाला जवळचे वाटले ते गॉर्डन पार्क्स. गरीब काळ्या कुटुंबातला हा माणूस. रेल्वेत वेटरचे काम करता करता त्यांनी गहाणवटीच्या दुकानातून कॅमेरा घेतला. १९४२ साली ते वॉशिंग्टनला सरकारी खात्यात शिकायला आले, तर काळे म्हणून हॉटेलात आणि सिनेमागृहात त्यांना घेतले नाही. संतापून परतल्यावर वरिष्ठ रॉय स्ट्रायकर यांनी सांगितले, आधी इथे राहणाऱ्या आपल्या माणसांशी बोला. त्याच इमारतीत एला वॉटसन नावाच्या बाई झाडलोट करीत. पार्क्स यांनी आधी त्यांची सारी कहाणी ऐकून घेतली. मग अमेरिकेच्या झेंड्यासमोर झाडूसह उभे करून त्यांचा फोटो काढला. पुढेही त्यांच्या घरी, त्यांच्या प्रार्थनेच्या ठिकाणी जात राहिले. तो फोटो आज जगभर ओळखला जातो. आपल्या मुंबईत सुधारक ओलवे यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांचे जिणे असेच वर्षानुवर्षे टिपले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

चौथ्या रविवारी आम्ही मोबाईल खिशातच ठेवला आणि हार ओवणाऱ्या एका मावशींपाशी जाऊन बसलो. भाव विचारला, पावसात माल कसा सडतो ते ऐकले. मग म्हटले, "मावशी, एक फोटो काढू का?"

"थांब मेल्या, पदर तरी नीट करू दे!"

त्या अशा ताठ बसल्या की तो रेशनकार्डावरचा फोटो झाला. आम्ही मात्र उठलो नाही. दोन मिनिटांत त्या आम्हाला विसरून कामाला लागल्या, सुई ओठांत धरून दोरा ओढू लागल्या, तेव्हा मनासारखा फोटो मिळाला. पुढच्या रविवारी त्याची प्रत धुऊन आणून दिली. आता त्याच इतरांना हाका मारतात, "अगं, हिचा काढा, हिचा काढा!"

थोडे तंत्रही हाताशी आले. फोटो दुरून ओढून मोठा करू नये, चेहरा फुटतो. दोन पावले पुढे जावे. सारखे भटकण्यापेक्षा तिरपे ऊन पडते तिथे उभे राहावे, माणसे आपोआप येतात. काढलेला फोटो लगेच दाखवावा आणि नको म्हटले तर त्यांच्यासमोरच पुसावा. लहान मुलांचा आईबापांना विचारल्याशिवाय काढूच नये.

बाजारातले एक हमाल दादा मात्र पहिल्या दिवशीच हात आडवा करून म्हणाले, "आपला नको." आम्ही मोबाईल खाली घेतला. महिन्याभराने चहा पिताना त्यांनी आपणहून सांगितले, "गावी सांगितलंय, मुंबईत ऑफिसात आहे." दर रविवारी आम्ही दोघे चहा घेतो. त्यांच्या डोक्यावरची पाटी, खाली ठिबकणारे पाणी, त्यावर पडलेले सकाळचे ऊन, सगळे डोळ्यांसमोर असते. मोबाईल खिशात असतो.