नळाचे पाणी जाते कोठे?

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाणी घेऊन आलेल्या आगगाडीने लातूरची तहान साऱ्या देशाला दाखविली. दुष्काळी मुलुखात पाणी किती, हाच हिशेब आधी मांडला जावा हे स्वाभाविक आहे. परंतु जे थोडे पाणी हाती उरते ते कसे आहे, हा प्रश्नही तितकाच निकडीचा होय. त्याचे उत्तर धरणावर मिळत नाही. ते घराच्या मोरीपाशी आणि उकिरड्यापाशी शोधावे लागते.

नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या बऱ्याच भागात वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली भेगाळलेला काळा पाषाण आहे. विहिरींचे झरे याच मुरमातून आणि भेगांतून येतात. वाळूच्या जाड थरातून पाणी गाळले जाते, तसे भेगांतून जात नाही. विहिरीलगत उकिरडा असला, तर पहिल्या पावसाबरोबर त्याचा निचरा झऱ्याला मिळतो. शेणामुताबरोबर नायट्रेट पाण्यात उतरते. त्याला रंग नाही, चव नाही. पाणी उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट मात्र जात नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये; अधिक झाल्यास तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते. अवर्षणात विहिरीचे पाणी आटते, घाण तेवढीच राहते.

२०१९ पासून जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाणी नळाने देण्याचे उद्दिष्ट ठेवले. ते स्तुत्यच आहे. पण पाच माणसांच्या घरात २७५ लिटर पाणी आले, तर त्यातील सुमारे ८० टक्के, म्हणजे २२० लिटर, सांडपाणी होऊन बाहेर पडते. ते गल्लीत साचणार असेल, तर योजनेचे निम्मेच काम झाले म्हणावे लागेल.

यावरचा उपाय नांदेड जिल्ह्यानेच दाखविला आहे. हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे घेऊन उघडी गटारे नाहीशी केली. पुढे जिल्हा परिषदेने रोजगार हमीतून गावोगाव हा प्रयोग नेला आणि तो ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून राज्यभर ओळखला गेला. खड्डा, मध्ये छिद्रे असलेली टाकी, भोवती दगडगोटे. इतकीच त्याची रचना.

तथापि खड्डा म्हणजे मंत्र नव्हे. चिकण काळ्या मातीत तो तुंबतो. मुरमापर्यंत गेला तरच पाणी जिरते. विहिरीच्या किंवा हातपंपाच्या शेजारी घेतला, तर तोच नवे संकट ठरतो. शौचालयाचे पाणी तर त्यात मुळीच सोडू नये. टाकीत साचणारा गाळ वेळोवेळी काढावा लागतो. खड्डे मोजून अहवाल भरणे सोपे. जागा पाहून खड्डा घेणे आणि तो राखणे हे खरे काम.

ते काम गावातील सुशिक्षितांचे आहे. विहिरी, हातपंप, उकिरडे आणि खड्डे दाखविणारा गावाचा नकाशा शाळेतील मुले एका आठवड्यात काढू शकतील. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तपासलेल्या पाण्याचे आकडे त्याशेजारी लिहून तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा. कोणता उकिरडा आधी हलवावयाचा, हे मग ग्रामसभेला कोणी सांगावे लागणार नाही.