उधाणाच्या रात्री तलाव बघा : कोळंबी कात टाकते तेव्हा



चेक ट्रेमध्ये खाद्य तसंच पडलंय आणि वाऱ्याच्या खालच्या कोपऱ्यात पारदर्शक सालं जमलीत, असं दिसलं की दोघा-तिघांचे फोन येतातच, "सर, रोग आला का?" बहुतेक वेळा रोग नसतो. वन्नामेईने कात टाकलेली असते.

कोळंबीचं कवच ताणत नाही. म्हणून वाढायचं तर जुनं कवच टाकावंच लागतं. आत मऊ नवीन कवच तयार झालं की डोकं आणि धड यांच्या सांध्यात जुनं फाटतं आणि झटके देत कोळंबी बाहेर येते. मग ती पाणी शोषून फुगते आणि नवीन कवच पाण्यातल्या कॅल्शियम, मॅग्नेशियमवर कडक होतं. पोटाच्या आतलं अस्तरसुद्धा यात बदलतं, त्यामुळे त्या वेळेला ती खाणार कशी? आपण मात्र चार्ट बघून खाद्य टाकत राहतो आणि ते तळाला कुजतं.

लहान कोळंबी दर चार-सहा दिवसांनी कात टाकते, १५ ग्रॅमच्या पुढे साधारण दोन आठवड्यांनी. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास बरीचशी एकदम टाकतात, तेही रात्री. म्हणजे उधाणाची तारीख कॅलेंडरवर आधीच खूण करून ठेवा. त्या दोन-तीन रात्री एरेटर बंद ठेवून डिझेल वाचवू नका. कात टाकताना ऑक्सिजन जास्त लागतो, डीओ पहाटेसुद्धा ४ पीपीएमच्या खाली जाता कामा नये. मऊ कोळंबीला पळता येत नाही, आणि शेजारची कडक कोळंबी तिला खाते. पहाटे मेलेली दिसते ती थोडीच, खाल्लेली तर मोजतच नाही आपण.

खाद्य ट्रे बघून कमी करा. कवच कडक झालं की भूक वाढते, तेव्हा परत वाढवा.

आता काढणीचं. गेल्या वर्षी एका सभासदाच्या तलावाची तारीख मी गाडी मिळते त्या दिवशी दिली, तिथी बघितली नाही. जाळ्यात निम्मी कोळंबी मऊ. व्यापाऱ्याने मऊ माल वेगळा काढून भाव पाडला. चूक माझी होती, नुकसान त्यांचं झालं. तेव्हापासून मी आदल्या संध्याकाळी पाग टाकून शंभर कोळंबी हाताने दाबून बघितल्याशिवाय हो म्हणत नाही. मऊ जास्त निघाली तर दोन दिवस थांबा. गाडीवाला ओरडेल, ओरडू दे. काढणीच्या तोंडावर पाणीही फार बदलू नका, त्यानेही कात टाकायला चालना मिळते.

दोन-तीन दिवसांनंतरही कवच मऊच राहिलं तर मात्र ते नेहमीचं नाही. मोठा पाऊस झाला की खारेपणा उतरतो, खनिजं पातळ होतात, तेव्हा हे जास्त दिसतं. आधी अल्कलिनिटी तपासा, १०० पीपीएमच्या वर हवी. कमी असेल तर डोलोमाइट किंवा शेतीचा चुना. कळीचा चुना अंदाजाने फेकू नका, पीएच एकदम चढतो. कवच आणि मांस यांच्यात पोकळी जाणवली तर तो वेगळाच प्रकार, लगेच कळवा.

चार-पाच कोळंबी हातावर घेऊन उजेडात फोटो काढा आणि पाण्याच्या आकड्यांसह मला पाठवा. ग्रुपवर टाकू नका, खाली जातो आणि दिसत नाही.

— आपला कृषी सल्लागार