अलेक्झांडरच्या आधी वाळू पोचली होती

दक्षिण लेबनॉनमधले टायर, म्हणजे आजचे सूर, समुद्रात घुसलेल्या भूशिरावर वसले आहे. इ.स.पूर्व 332 पर्यंत मात्र ते बेट होते. भोवती तट, उत्तरेला आणि दक्षिणेला एकेक बंदर, आणि किनाऱ्यापर्यंत सुमारे पाऊण किलोमीटर पाणी.

ते पाणी या फिनिशियन शहराचे रक्षण करी आणि त्याला कोंडीतही पकडी. इ.स.पूर्व चौदाव्या शतकात टायरच्या अबिमिल्कू राजाने इजिप्तच्या फॅरोला लिहिलेली पत्रे मातीच्या पाट्यांवर टिकून आहेत. प्यायला पाणी नाही, जाळायला लाकूड नाही, असे गाऱ्हाणे त्यांत आहे. समोरचा किनारा शत्रूने घेतला होता आणि बेटाची रसद तिथूनच येत असे. पुढे टायरने अस्सिरियाला खंडणी दिली, बॅबिलोनच्या नेबुखद्नेझरचा 13 वर्षांचा वेढा सोसला, पर्शियाचे वर्चस्व मान्य केले. शहराचा तट मात्र उभा राहिला.

अलेक्झांडर आला तेव्हा त्याच्यापाशी पुरेसे आरमार नव्हते. त्याने किनाऱ्यावरची जुनी वस्ती पाडली, तिचे दगड आणि डोंगरातले लाकूड समुद्रात टाकून बेटापर्यंत सेतू बांधायला घेतला. किनाऱ्याजवळ पाणी उथळ आणि तळाशी गाळ, शहराजवळ मात्र तीन वाव खोल, असे इतिहासकार एरियन लिहितो. सात महिन्यांनी शहर पडले. तोवर सायप्रस आणि इतर फिनिशियन शहरांची जहाजे अलेक्झांडरला मिळाली होती. तटाला शेवटचे भगदाड जहाजांवरूनच पडले. विजयाचे सगळे श्रेय सेतूला देणे म्हणूनच मला पटत नाही.

त्या सेतूची खरी गोष्ट 2007 मध्ये संशोधक निक मॅरिनर आणि सहकाऱ्यांनी मांडली. त्यांनी भूशिरात खोलवर छिद्रे घेऊन गाळाचे उभे नमुने काढले, त्यांतले शिंपले आणि सूक्ष्म कवचधारी जीव ओळखले, रेडिओकार्बनने थरांचे वय ठरवले. सुमारे 6 हजार वर्षांपूर्वी समुद्रपातळीची वाढ मंदावली. बेटावर आदळून लाटा दोन्ही टोकांनी वळत आणि बेटामागच्या आडोशाला त्यांचा जोर ओसरे. लिटानी नदीने आणलेली वाळू तिथे बसू लागली. अलेक्झांडरच्या काळापर्यंत बेट आणि किनारा यांच्यामध्ये वाळूचा बुडीत दांडा तयार झाला होता. त्यावर पाणी अवघे एक-दोन मीटर. ग्रीक अभियंत्यांनी भराव घातला तो या दांड्यावर.

इथे समुद्रातल्या जंजिरा किल्ल्याची आठवण येतेच. 1682 मध्ये संभाजी महाराजांनी असाच सेतू बांधायला घेतला होता, पण मुघल फौजा स्वराज्यात घुसल्याने ते काम अर्धवट राहिले.

टायरचा सेतू पूर्ण झाला आणि किनाऱ्यालगतचा प्रवाह कायमचा अडला. दोन्ही बाजूंना वाळू साठत गेली, भूशिर रुंदावले. रोमनांनी त्यावरून रस्ता आणि जलसेतू नेला. अबिमिल्कूला न मिळालेले गोडे पाणी आता झऱ्यांपासून थेट शहरात येऊ लागले. अरब, क्रुसेडर, मामलुक या सगळ्यांच्या वाट्याला आलेले टायर जमिनीला जोडलेले होते. 1187 मध्ये सुलतान सलाउद्दीनला ते घेता आले नाही, कारण भूशिराच्या अरुंद वाटेवरच भक्कम तट घालून शहराचे तोंड बंद केले होते. दरम्यान जुन्या बेटाची दक्षिण बाजू खचून पाण्याखाली गेली आहे. तिथले अवशेष शोधायला संशोधकांना बुडी मारावी लागते.