वसंतातील जुन्नर : पोढी, वृक्ष आणि देयधम्म

२५ डिसेंबर १९५४ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देहूरोड येथे तथागतांच्या मूर्तीची प्रतिष्ठापना केली. पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील उपासक-उपासिका त्या भूमीला वंदन करण्यास आवर्जून जातात. परंतु चाकणहून राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव या मार्गाने सुमारे ६० किलोमीटरवर असलेल्या जुन्नरला आपले पाय क्वचितच वळतात. वळले तरी बहुधा शिवनेरी किल्ल्यापुरते. फाल्गुन-चैत्रात तेथे एकदा तरी जावे, असे आम्हास वाटते.

जुन्नर हे डोंगरांनी वेढलेले सातवाहनकालीन नगर होय. कोकणातील व्यापार नाणेघाट चढून येथे पोहोचत असे. शिवनेरी, मानमोडी, लेण्याद्री व तुळजा या डोंगरांत दीडशेहून अधिक लेणी आहेत. तुळजा येथील चैत्यगृह वर्तुळाकार असून त्यात १२ स्तंभ आहेत. लेण्याद्रीचे क्रमांक ६ चे चैत्यगृह हे कल्याणच्या सुलसदत्ताचे दान होय; त्याच्या शेजारचा क्रमांक ७ चा विशाल विहार आज गिरिजात्मज गणपतीचे स्थान म्हणून ओळखला जातो. आपला 'लेणे' हा शब्दही पाली-प्राकृत 'लेण' या शब्दापासूनच आला आहे.

वसंतातच का जावे? प्राचीन गणनेत वर्षाचे गिम्ह, वस्स व हेमंत असे तीनच ऋतू असत आणि चैत्रापासून गिम्ह सुरू होई. आपण ज्याला वसंत म्हणतो, ती त्या काळी उन्हाळ्याची चाहूल होती. या दिवसांत डोंगर चढताना घसा कोरडा पडतो, सावली शोधावी लागते आणि मग शिलालेखांतील दानांचा अर्थ आपोआप उलगडतो.

'पोढी' म्हणजे खडकात कोरलेले पाण्याचे टाके. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्या. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने वर्ष ४६ मध्ये पोढी व मंडप दिला. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पोढी दिली. आडुथुम या शक उपासकाच्या लेखात तर करंजाच्या झाडांसाठी २० निवर्तने व वडाच्या झाडांसाठी ९ निवर्तने जमिनीच्या उत्पन्नाची तरतूद आहे. चैत्रात करंजाला कोवळी पालवी येते, तेव्हा या दानामागची दृष्टी कळते. बांबूकाम करणारे व कांस्यकार यांच्या श्रेणींकडे धर्मादायाची रक्कम विश्वासाने ठेवली जाई, हेही लेखांवरून दिसते.

यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. ही लेणी केवळ राजांनी उभारलेली नाहीत; कारागीर, व्यापारी, अधिकारी व परदेशी उपासक यांच्या कमाईतून ती उभी राहिली. दात्याची ओळख त्याच्या व्यवसायाने, गावाने वा देशाने दिली आहे. कारखान्यात राबणाऱ्या आपल्या बांधवांना हा वारसा परका वाटू नये.

तथापि याच भिंतींवर आज कोळशाने व खिळ्याने कोरलेली नावे दिसतात, ही खेदाची बाब होय. प्राचीन उपासकाने आधी दान दिले व मग नाव कोरले. आपल्या मुलांना तेथे न्यावे, 'देयधम्म' ही अक्षरे दाखवावी, त्यांचा अर्थ सांगावा. आणि परतल्यावर आपल्या वस्तीत अथवा विहाराच्या अंगणात एक करंज लावून पाण्याची सोय करावी. आडुथुम व इरिल यांचे स्मरण याहून योग्य रीतीने होणार नाही.