ॲल्युमिनियमची चकाकी : घासावी किती, जपावी कशी?

अमेरिकेत स्वतःच्या मालकीची मालमोटार चालविणाऱ्या माणसाची पारख पुष्कळदा त्याच्या गाडीच्या चाकांवरून होते. ही चाके ॲल्युमिनियमची असतात, आणि सुटीच्या दिवशी घराच्या अंगणात ती आरशासारखी लखलखीत करीत बसणे हा तेथील कित्येक चालकांचा नेम असतो. आपल्याकडील बहुतेक ट्रकांची चाके पोलादी असली, तरी हा धातू आपल्याला परका नाही. खुद्द बेळगावात बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढण्याचा कारखाना आहे. तेव्हा ही चकाकी येते कशी, जाते कशी आणि टिकवावी कशी, हे समजून घेणे उद्बोधक ठरेल.

चाक ॲल्युमिनियमचे कशासाठी?

पोलाद पाण्याच्या सुमारे 7.8 पट जड, तर ॲल्युमिनियम केवळ 2.7 पट. चाकांचे वजन घटले की तेवढा माल अधिक नेता येतो. अल्कोआ या अमेरिकन कंपनीने 1948 साली ट्रकसाठी घडीव ॲल्युमिनियमचे चाक बनविले. शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असते. म्हणून त्यात थोडे मॅग्नेशियम व सिलिकॉन मिसळून मिश्रधातू करतात, तो प्रचंड दाबाखाली घडवितात आणि उष्णतेचा संस्कार देऊन बळकट करतात. म्हणजे मूळ हेतू वजन वाचविण्याचा; चकाकी हा वरचा लाभ.

चकाकी का जाते?

लोखंडाचा गंज सुटा व सच्छिद्र असतो. त्यामुळे तो आत आत पोखरीत जातो. ॲल्युमिनियमचाही ऑक्सिजनशी तत्काळ संयोग होतो, परंतु तयार होणारा ऑक्साइडाचा थर अवघा काही नॅनोमीटर जाडीचा, पारदर्शक आणि धातूला घट्ट चिकटलेला असतो. हा थर म्हणजे धातूचे चिलखतच. तो ओरखडला तरी क्षणार्धात पुन्हा तयार होतो.

मग चाक निस्तेज का होते? ब्रेकची धूळ आणि चिखल हे एक कारण. दुसरे व अधिक घातक कारण म्हणजे मीठ. हिवाळ्यात रस्त्यावरचे बर्फ वितळावे म्हणून तेथे मीठ किंवा कॅल्शियम व मॅग्नेशियमची क्लोराइडे टाकतात. क्लोराइड या चिलखताला जागोजाग भेदते. बारीक खड्डे पडतात व पांढरी भुकटी साचते. गुळगुळीत पृष्ठावरून प्रकाश एका दिशेने परावर्तित होतो, खडबडीत पृष्ठावर तो विखुरतो. चकाकी म्हणजे दुसरे काही नसून हा गुळगुळीतपणा होय.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. पॉलिश करणे म्हणजे धातूवर काही चढविणे नव्हे. उंचवटे खरवडून काढणे होय. प्रत्येक वेळी थोडा धातू जातोच. घासताना फडके काळे होते, तो काळेपणा बहुतांशी धातूच्याच सूक्ष्म कणांचा असतो. गंमत अशी, की पॉलिशमधील घासणारी पूड पुष्कळदा ॲल्युमिनियम ऑक्साइडाचीच असते. हाच पदार्थ स्फटिकरूपात कुरुविंद म्हणून ओळखला जातो आणि कठीणपणात हिऱ्याच्या खालोखाल गणला जातो.

घरी करावयाची कृती

प्रथम चाकावर पारदर्शक लेप आहे की काय, ते पाहावे. आडबाजूला थोडे पॉलिश लावून पांढऱ्या फडक्याने घासावे. फडके काळे झाले तर धातू उघडा आहे. न झाल्यास लेप आहे, आणि असे चाक केवळ धुवावे, घासू नये.

चाक थंड असताना, सावलीत, सौम्य साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुवावे. एखादा वाळूचा कण राहिला तरी तोच पुढे ओरखडे पाडतो. खड्डे असतील तरच वॉटर पेपर घ्यावा आणि पाणी सोडीत 400, 600, 800, 1000 अशा चढत्या क्रमाने घासावे. प्रत्येक नवा कागद आधीच्या दिशेला आडवा फिरवावा व आधीचे ओरखडे पुरते नाहीसे झाल्यावरच पुढचा हाती घ्यावा. त्यानंतर कापडी बफ, मग पॉलिश लावून मऊ फडके. राहिलेला तेलकट काळिमा टिपण्यासाठी तेथील चालक चक्क पीठ चोळतात. शेवटी मेणाचा किंवा कृत्रिम संरक्षक लेपाचा पातळ हात द्यावा. कार्नोबा मेण 80 ते 90 अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळते आणि ब्रेकमुळे चाक तापते. म्हणून हा हात अधूनमधून पुन्हा द्यावा लागतो.

जपावयाच्या गोष्टी

ॲल्युमिनियम उभयधर्मी आहे; त्याच्या ऑक्साइडावर आम्लाची आणि अल्कलीची, दोहोंचीही क्रिया होते. ॲल्युमिनियमचे काळवंडलेले पातेले चिंचेने उजळते ते आम्लामुळे. बेळगावच्या कारखान्यात कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात बॉक्साइटमधील ॲल्युमिना विरघळवितात. तोच सोडा चाकावर पडला, तर तो आधी चिलखत विरघळवील आणि मग धातू खाऊ लागेल. चाके झटपट उजळणाऱ्या काही द्रवांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. सौम्य द्रावणाची इजा प्रथम जाणवतही नाही, पण ते कातडीतून खोल शिरते आणि शरीरातील कॅल्शियमला बांधून जिवावर बेतू शकते. घरकामात त्याला थारा देऊ नये.

बफिंगची धूळ छातीत जाऊ नये म्हणून तोंडावर मास्क व डोळ्यांवर चष्मा हवा. ही बारीक पूड ज्वालाग्राही असते. शेजारी लोखंड घासून ठिणग्या पाडू नयेत. जॅकवर उचललेल्या गाडीचे इंजिन चालू करून फिरत्या चाकाला पॉलिश लावण्याची युक्ती काही जण योजतात. ती हात गमावण्याची वाट आहे. नटांखाली आणि चाक हबला टेकते त्या पृष्ठावर मेण किंवा पॉलिश राहू देऊ नये. तेथे आवळणीची पकड कमी झाली, तर धावत्या गाडीचे चाक निखळू शकते. घासताना चीर दिसली, तर ते चाक बाद समजावे. वेल्डिंगच्या उष्णतेने धातूला दिलेला संस्कार नाहीसा होतो आणि चाक दुबळे बनते.

एवढ्यावरून व्यवहाराचा नियम सोपा होतो : घासणे क्वचित, धुणे वारंवार. ज्या चाकावरचे मीठ आणि चिखल वेळेवर धुतला जातो, त्याला वॉटर पेपरची गरज फारशी पडत नाही. टनावारी माल पेलणाऱ्या चाकाच्या बाबतीत शोभा दुय्यम. धातू शाबूत राहणे हे मुख्य.