कपाटातला कागद

पंधरा-सोळा वर्षे मी वर्गात तुकाराम शिकवितो आहे. ‘समाधान’ या विषयावर बाहेरगावी माझी व्याख्यानेही झाली आहेत, हारतुऱ्यांसकट! शब्दाची फोड करून दाखविण्याची मला भारी हौस. वेदान्तात साधकाला शम, दम, उपरती, तितिक्षा, श्रद्धा आणि समाधान अशी सहा साधने सांगितली आहेत. तेथे समाधान म्हणजे चित्त नीट एका जागी ठेवणे. पोटभर जेवणानंतरचे आपले समाधान निराळे. हे मी रंगवून सांगे. माझे चित्त मात्र सहा वर्षे कपाटाच्या दुसऱ्या खणात ठेवलेले होते.

त्या खणात धाकट्या भावाने लिहून दिलेला कागद होता. घराच्या दुरुस्तीसाठी त्याने माझ्याकडून चाळीस हजार रुपये नेले होते. मी कधी मागितले नाहीत. पण तो नवा सदरा घालून आला, की सदऱ्याची किंमत माझ्या मनात चटकन मांडली जाई.

१६३०-३१ च्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. घरात महाजनकी, लोकांकडे येणे होते. परंपरा सांगते, की कर्जखतांचे त्यांनी दोन वाटे केले. एक धाकट्या कान्होबांना दिला, आपला इंद्रायणीत सोडला.

गेल्या वर्षी एका मुलीने विचारले, “सर, सगळीच खते का नाही बुडवली?”

“अर्धी भावाची होती,” मी म्हणालो.

उत्तर बरोबर होते. पण तास संपेपर्यंत ते मलाच टोचत राहिले. आजवर मी हा प्रसंग वैराग्याचा चमत्कार म्हणून शिकवीत आलो होतो. त्यातला चोख हिशेब मला दिसलाच नव्हता. भावाचे भावाला, आपले नदीला. आणि तेही हाती काही उरले नसताना. मी मात्र निवृत्तिवेतन सुरू झाल्यावर उदार होणार होतो!

त्या रात्री कागद फाडला. तो फाडल्याचे भावाला सांगावे, असे दोन दिवस फार वाटत होते. सांगितले असते, तर त्याच्याकडे माझे आणखी एक येणे झाले असते.

पाडव्याला तो फराळाला आला. बशी हातात घेऊन म्हणाला, “दादा, त्या पैशांचं जरा...”

“चिवडा घे,” मी म्हणालो. “तुझ्या वहिनीने यंदा खोबरं जास्त घातलंय.”